सुताराला बोलावण्यापूर्वी

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीत नवे घर बांधून झाले, रंगाचा हात फिरला, वास्तुशांतीची तारीख निघाली की घरात एक विषय हमखास निघतो : कपाटांचे काय करायचे? बाजारातून तयार लोखंडी कपाट आणायचे, पुण्याच्या मॉड्युलर फर्निचरवाल्याला बोलवायचे, की गावातल्या मिस्त्रीला काम द्यायचे? पहिल्या दोन वाटांवर पैसे मोजले की मालकाचे काम जवळपास संपते. तिसऱ्या वाटेवर ते तिथून सुरू होते. माप, माल, मजुरी आणि मुदत या चारही गोष्टी मालकाला आधी ठरवाव्या लागतात. सुताराचा हात कितीही साफ असो, या चार गोष्टी मोघम राहिल्या तर कपाट बिघडते आणि संबंधही बिघडतात. म्हणून हे प्रकरण सुतारकामाइतकेच मालकाने करायच्या गृहपाठाचे आहे.

फडताळापासून प्लायपर्यंत

जुन्या वाड्यात कपाट भिंतीतच असे. दोन-दोन हात जाडीच्या भिंतीत कोनाडे, देवळ्या आणि लाकडी दारांची फडताळे ठेवलेली असत. रोजचे कपडे दांडीवर आणि खुंटीवर, लग्नकार्याचे पेटाऱ्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. गावचा सुतार बलुतेदार होता. नांगर, मोटेचे लाकडी सामान, गाडीचे चाक ही त्याची मुख्य कामे आणि बाभूळ-लिंब हे त्याचे लाकूड. घरातले कपाट हे त्याच्यासाठी सठीसामासी येणारे काम होते.

भिंती पातळ झाल्या तशी फडताळे गेली. जागा घेतली ती पोलादी कपाटाने. १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला लागलेल्या गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे काढली आणि पुढे दोन-तीन पिढ्या ‘गोदरेजचे कपाट’ ही मुलीच्या लग्नातल्या यादीतली ठरलेली वस्तू झाली.

त्याच १८९७ साली कुर्डुवाडीच्या इतिहासातही मोठी गोष्ट घडली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला होता आणि त्यावरचे इथले स्टेशन बार्शी रोड म्हणून ओळखले जाई. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे टाकली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली. या छोट्या गाडीमुळे कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आला आणि कारखान्यामुळे गावाला मिलिमीटरमध्ये बोलणारी माणसे मिळाली. ज्या गावात फिटर, टर्नर, वेल्डर शेजारी राहतात, तिथे ‘थोडंफार इकडेतिकडे चालतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीची गाठ जाणकार गिऱ्हाइकाशी पडते.

मोठ्या रुळांनी आणखी एक वस्तू आणली : दगड. मुंबई-चेन्नई मार्गावर कुर्डुवाडीच्या पुढे सोलापूर, कलबुर्गी, मग शहाबाद येते आणि बरेच पुढे कडप्पा. ही दोन्ही नावे आपल्याकडे फरशीची नावे म्हणून रुळली. सोलापूर भागात अजूनही बांधकाम चालू असतानाच गवंडी भिंतीत शहाबादी किंवा कडप्प्याचे आडवे खण बसवतो आणि सुतार नंतर त्याला फक्त चौकट आणि दारे लावतो. वाळवी दगडाला काही करत नाही, ओल लागून तो फुगत नाही आणि कितीही वजन ठेवले तरी वाकत नाही. घर बांधायचे अजून बाकी असेल तर निदान अंथरूण-पांघरूण, धान्याचे डबे आणि अडगळ यांच्यासाठी ही जुनी पद्धत जरूर विचारात घ्यावी. तिचा दोष एकच : एकदा बसवलेला खण हलवता येत नाही.

क्वार्टर की घर?

कपाटाचा पहिला प्रश्न लाकडाचा नाही, मुक्कामाचा आहे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंतीला ठोकलेले कपाट करू नये. बदली झाली की ते तिथेच राहते, किंवा उचकटताना त्याचा चुरा होतो. अशांनी सुट्या खोक्यांचे, स्क्रूने उघडता येईल असे कपाट करून घ्यावे. एक खोके तीन फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे ते जिन्यातून आणि टेंपोतून नेता येते. सुताराला सुरुवातीलाच सांगावे की जोडाला फेविकॉल नको, स्क्रू हवा. पांढरा गोंद एकदा वाळला की जोड सुटत नाही, प्लायच फाटते.

स्वतःच्या घरात मात्र भिंतीत बसणारे, छताला टेकणारे कपाट सोयीचे. उजनी धरणाच्या पाण्यावर माढा तालुक्यात ऊस वाढला आणि वस्त्यांवर स्लॅबची घरे उभी राहिली. या घरांत छत सहसा दहा फुटांचे असते. सात फूट कपाट आणि त्यावर लॉफ्ट अशी विभागणी तिथे चपखल बसते. लॉफ्टला वेगळी दारे ठेवावीत. नऊ-दहा फुटांचे एकच उंच दार दिसायला झोकदार, पण ते पुढे वाकण्याचा धोका जास्त.

आधी कपडे मोजा

चांगला मिस्त्री टेप काढण्याआधी विचारतो, “वहिनी, साड्या घडी घालून ठेवता का हँगरला?” असे विचारणारा भेटला तर अर्धे काम झाले. नाही विचारले तर आपण सांगावे. घरातले सगळे कपडे एकदा पलंगावर काढून त्यांचे ढीग करावेत : लटकवायचे, घडीचे, आतले आणि वर्षातून एकदा लागणारे.

कपाटाची खोली ठरते ती हँगरवरून. हँगर साधारण १७-१८ इंच रुंद, त्यावर शर्टाच्या बाह्या थोड्या बाहेर येतात, म्हणून आतून मोकळे २२ इंच हवेत. दार धरून बाहेरून २४ इंच. सरकते दार लावायचे तर त्याच्या दुहेरी पट्टीसाठी आणखी तीन-चार इंच जातात आणि एका वेळी अर्धेच कपाट उघडते. खोली अरुंद असेल, पलंग आणि कपाट यांत दार उघडायला जागा नसेल, तरच सरकते दार घ्यावे.

शर्ट आणि हँगरवर दुमडलेली साडी यांना दांडीखाली ४० ते ४५ इंच उंची पुरते. लांब कुर्ते आणि घागरे यांना ५५ ते ६० लागतात. घडीच्या कपड्यांच्या खणाला १२ ते १४ इंच उंची ठेवावी. त्याहून उंच खणात ढीग लावला की खालचे काढताना वरचे कोसळते. नऊवारी आणि पैठणी हँगरवर टांगू नयेत. जरीच्या वजनाने कापड एकाच रेषेवर ताणते. त्यांना रुंद, कमी उंचीचा, मधूनमधून घडी बदलता येईल असा खण द्यावा. मोलाच्या वस्तूंची चोरकप्प्याची जागा सुताराला शेवटी दाखवली तर तो सांगेल, “आता जमत नाही.” म्हणून तीही चित्रात आधीच यावी.

हे सारे एका कागदावर उतरवावे. चित्रकला यायची गरज नाही. चौकोन, त्यात रेघा आणि प्रत्येक रेघेवर इंच लिहिले की पुरे.

भिंत सरळ आहे का?

नव्या घराची भिंतही गुण्यात नसते. प्लास्टरची जाडी वर-खाली बदलते आणि कोपरा काटकोनात बसत नाही. म्हणून कोनाड्याची रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. मग समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर चौकट काटकोनी. पाऊण इंचाचा फरक निघाला तर कपाट भिंतीला चिकटवून न करता कडेला पट्टी सोडावी लागते, आणि ती मिस्त्रीने आधी सांगितली पाहिजे.

पाठीमागे न्हाणीघर असेल तर त्या भिंतीवर हात ठेवून बघावा. रंगाला फुगारा आला असेल तर कपाट करण्याआधी गळती काढावी. लाकडी फळी लावून ओल झाकली की ती दिसत नाही, एवढेच. तळाला तीन-चार इंचांची बैठक असावी, म्हणजे फरशी पुसण्याचे पाणी थेट प्लायला लागत नाही. काळ्या जमिनीवरच्या घरांत वाळवी पायातून चढते. तिचा बंदोबस्त कपाट होण्यापूर्वीच करावा. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ६३१३ ही संहिता आहे आणि बांधलेल्या घरासाठी तिचा वेगळा भाग आहे.

प्लायची पारख

प्लायवूड म्हणजे पातळ लाकडी थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेला तक्ता. लाकूड बहुधा पॉप्लर आणि नीलगिरीचे असते. हरियाणातले यमुनानगर आणि केरळातले पेरुंबावूर ही त्याची मोठी केंद्रे. थर आडवे-उभे लावल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात आणि साध्या फळीसारखा तक्ता फाकत नाही.

दुकानात तीन नावे ऐकू येतात. एमआर म्हणजे दमटपणा सोसणारी, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला जास्त दाद न देणारी आणि बीडब्ल्यूपी, जिला मरीन म्हणतात. फरक मुख्यतः गोंदाचा. एमआरमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइड असते, वरच्या दर्जात फिनॉल फॉर्माल्डिहाइड. सर्वसाधारण प्लायचे मानक आयएस ३०३ आणि मरीनचे आयएस ७१०. मरीनच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहतात. बेडरूममधल्या कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला एवढी परीक्षा लागत नाही. तिथे चांगली एमआर चालते. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असेल तर बीडब्ल्यूआर घ्यावी. सगळीकडे मरीनच पाहिजे असा आग्रह बहुतेक वेळा दुकानदाराच्या फायद्याचा असतो.

दर्जा तोंडी सांगितल्यावर थांबू नये. तक्त्यावर आयएसआय खूण आणि खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो टाकला की कारखान्याचे नाव येते. कडेला बोट फिरवून थरांत फट आहे का बघावे. १८ मिलिमीटर म्हणून विकलेला तक्ता कधीकधी १६ भरतो, म्हणून जाडी कॅलिपरने मोजून घ्यावी. रेल्वेच्या कारखान्यातला शेजारी असेल तर कॅलिपर उसना मिळायला अडचण नाही.

सात फुटी दारांसाठी प्लायऐवजी ब्लॉकबोर्डचा विचार करावा. त्याच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या उभ्या असतात, त्यामुळे उंच दार सरळ राहते. एमडीएफ गुळगुळीत, रंगाला छान, पण पाण्याने फुगते. पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त, मात्र त्यातला स्क्रू दोनदा काढून लावला की पकड जाते. बदलीच्या नोकरीत असलेल्याने ते टाळलेले बरे.

आता सगळ्यात जास्त कपाटे जिथे बिघडतात ती जागा. बाहेरून एक मिलिमीटरचे चकचकीत लॅमिनेट आणि आतून नुसता रंग किंवा कोरी प्लाय. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि लाकूड वाळते. जूननंतर हवेत ओल येते. बाहेरची बाजू लॅमिनेटने बंद, आतली उघडी. मग आतली बाजू ओल ओढून घेते, बाहेरची नाही, आणि दार धनुष्यासारखे वाकते. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवे : बाहेर एक मिलिमीटर, आत ०.८. कडा एज बँडने किंवा लाकडी पट्टीने बंद हव्यात, वरची आणि खालचीही, कारण या दोन दिसत नाहीत म्हणून सुटतात.

८ बाय ४ चे गणित

प्लायचा तक्ता आठ फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फूट. कपाटाची मापे या तक्त्यात कशी बसतात यावर तुमचा खर्च ठरतो. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल कपाट घेऊ. तीन-तीन फुटांची दोन खोकी. चार उभ्या बाजू म्हणजे ५६ चौरस फूट, वरचे-खालचे चार पाटे २४, खण आणि ड्रॉवर मिळून साधारण ५०, चार दारे ४२. बेरीज १७२. तिला ३२ ने भागले की साडेपाचच्या आसपास येते, म्हणून १८ मिलिमीटरचे सहा तक्ते. पाठीला ६ मिलिमीटरचे दोन. मिस्त्रीने आठ-नऊ तक्ते मागितले तर कुठे लागणार ते विचारावे. पाच मागितले तरीही विचारावे.

दार १८ इंची घेतले की चार फुटी तक्त्यातून दोन दारे निघतात आणि एक फुटाची पट्टी उरते. तिच्यातून ड्रॉवरची तोंडे करून घ्यावीत. करवत स्वतः तीन-एक मिलिमीटर खाते. त्यामुळे चार फुटांचे दोन भाग केले की बरोबर २४ इंच कधीच येत नाहीत, थोडे कमीच येतात. चित्रातच पावणेचोवीस धरले तर दर फळीमागे नवा तक्ता फाडावा लागत नाही. तीन फुटी खण कपड्यांच्या वजनाने मध्ये खाली येतो. पुढच्या कडेखाली दीड-दोन इंची पट्टी मारली की तो टिकतो.

रोज, उक्ते की फुटावर

मजुरी ठरवायच्या तीन रीती आहेत. रोजावर काम दिले की हजेरीचे पैसे द्यायचे. बारीक, वेळखाऊ, मध्येच बदलणारे काम असेल तर ही रीत बरी, पण मालक घरात हवा. उक्ते म्हणजे अमुक कपाट अमुक रकमेत. आकडा पक्का राहतो, मात्र चित्र तितकेच पक्के लागते, कारण एक खण वाढवला तरी ‘हे बोलण्यात नव्हतं’ सुरू होते. फुटावर म्हणजे समोरच्या क्षेत्रफळावर. आपल्या कपाटाचे ६ गुणिले ७, ४२ फूट, आणि दोन फुटी लॉफ्टचे १२ मिळून ५४.

फुटाच्या दरात काय धरले ते इथे विचारायचे. लॉफ्टला पूर्ण दर की कमी? आतले लॅमिनेट, ड्रॉवर, आरसा, हँडल, कुलूप यात आले का? माल कोणाचा? मालासकट दर असेल तर प्लायची कंपनी, दर्जा आणि जाडी, तिन्ही लिहून घ्यावीत. ‘चांगली प्लाय’ हे शब्द बिलावर काही कामाचे नाहीत. माल आपण आणला तर दुकानाची पावती आपल्या नावाने राहते आणि तक्त्यांचा हिशेबही.

हे सगळे एका पानावर लिहावे आणि दोघांनी सही करावी. इसार किती, माल आल्यावर किती, दारे बसल्यावर किती आणि शेवटचा हप्ता केव्हा. शेवटचा हप्ता अगदीच किरकोळ ठेवू नये. मुदत लिहावी, आणि वीज गेली किंवा माल उशिरा आला तर काय, हेही. यात अविश्वास कसला? मोजकी कामे हातात घेणाऱ्या मिस्त्रीलाही पुढच्या गिऱ्हाइकाला तारीख द्यायची असते.

माणूस कसा निवडावा

गावातला कारागीर निवडायची उत्तम जागा म्हणजे त्याने केलेले जुने कपाट. कालचे नको, तीन वर्षांपूर्वीचे बघावे. दार उघडून सोडावे, ते तिथेच थांबते का? ड्रॉवर ओढावा, वाकडा येतो का? दोन दारांमधली फट वर-खाली सारखी आहे का? आतल्या कोपऱ्यात चुका दिसतात की स्क्रू? एवढ्यावर हात कळतो.

आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज मिळते. प्रमाणपत्र असले म्हणजे हात चांगलाच असेल असे नाही, पण नव्या अवजारांशी ओळख आहे की नाही ते त्यावरून विचारता येते. राजस्थानातून आलेल्या कारागिरांच्या टोळ्या अनेक गावांत वेगाने आणि साफ काम करतात. त्यांना काम देताना एवढेच पाहावे की काम संपल्यावर ते याच भागात राहणार आहेत का.

वाद झालाच तर सुताराकडून पैसे देऊन घेतलेले काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे. कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, तक्रार दोन वर्षांत करावी लागते आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथेही पहिला प्रश्न येतो : ठरले काय होते? उत्तर त्या सही केलेल्या पानावरच असते.

पहिला पावसाळा

कपाट नवे असताना त्याला गोंदाचा उग्र वास येतो. दोन-तीन आठवडे दारे उघडी ठेवून मगच कपडे लावावेत, विशेषतः लहान मुलाच्या खोलीत. सुटे, उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला पट्टीने बांधावे. मूल ड्रॉवरवर चढले तर ते अंगावर येऊ शकते.

बिजागऱ्या आता कपासारख्या, दारात ३५ मिलिमीटरचे भोक पाडून बसवायच्या असतात. कडेच्या उभ्या फळीवर पूर्ण झाकणाऱ्या दाराला झिरो क्रँक लागते, मधल्या फळीवर दोन दारे येत असतील तर आठ नंबरची आणि दार चौकटीच्या आत बसवायचे असेल तर सोळाची. सात फुटी दाराला निदान चार हव्यात. यातली चुकीची लागली की दार घासते. बरोबर लागली तरी वर्षभरात दार किंचित उतरते आणि तेव्हा बिजागरीवरचे स्क्रू उपयोगी पडतात : एकाने दार डावी-उजवीकडे सरकते, दुसऱ्याने पुढे-मागे, तिसऱ्याने वर-खाली. मिस्त्रीकडून हे एकदा शिकून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

तरीही ऑगस्टमध्ये एक फेरी मिस्त्रीची हवीच, आणि ती करारात आधीच लिहून ठेवावी : पहिल्या पावसाळ्यात सगळी दारे एकदा बघून देणार. पुण्याहून ट्रकने आलेल्या कपाटासाठी हे माणूस मागवून करावे लागते. गावातल्या मिस्त्रीला एक फोन पुरतो. शेवटच्या हप्त्याचा छोटा भाग त्या फेरीपर्यंत हातात ठेवला तर तो येतो, आणि आला की घरातली दुसरी दोन कामेही दाखवता येतात. त्याला पुढचे काम मिळते आणि तुम्हाला तोच हात.